मोटर भाडे शून्य : डंडर गेटॲटरने गिळलेली एक चूक

पार्श्वभूमी

महापे एमआयडीसीतली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या आडतदारांसाठी, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्यांसाठी, पट्टीचं सॉफ्टवेअर चालवते. कंपनीचं आणि गाळ्यांचं नाव देत नाही, बाकी सगळं जसं झालं तसं आहे. मी त्याच कंपनीत दुसऱ्या टीममध्ये आहे, या प्रकरणात मला रिव्ह्यूसाठी बोलावलं होतं म्हणून सगळं जवळून बघायला मिळालं.

मार्केटशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर विकला गेला की किती नग गेले, काय भावाने गेले, त्यातून हमाली किती, तोलाई किती, वाराई किती, मोटर भाडं किती, आधी उचल घेतली असेल तर ती किती, हे सगळं वजा करून हातात काय पडणार याचा जो कागद निघतो ती पट्टी. शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच एक कागद महत्त्वाचा, कारण माल विकताना तो समोर नसतो, देवगडला नाहीतर जुन्नरला असतो.

आता फळं, भाजी, कांदा-बटाटा, धान्य, मसाला अशी पाच मार्केटं, प्रत्येकाची कापायची रीत वेगळी, आणि मार्केट सोडाच, शेजारशेजारच्या दोन गाळ्यांची पण वेगळी. हमालीचे दर करारानुसार बदलतात. नियम पण बदलतात, २०१६ मध्ये सरकारने फळं-भाज्यांची अडत (आडतदाराचं कमिशन) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं तेव्हा असल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला हात लावावा लागला होता. त्यामुळे कुठली कपात कोणाला लागू आणि कशी काढायची हे कोडमध्ये न लिहिता प्रत्येक गाळ्याच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, ठेवायचं, असं सुरुवातीच्या टीमने ठरवलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

ते केलं कसं ते महत्त्वाचं आहे. सॉफ्टवेअर पायथनमध्ये. पट्टी नावाचा एक क्लास (साचा, त्यातून बनणारी प्रत्येक पट्टी म्हणजे ऑब्जेक्ट) आणि त्यात डंडर गेटॲटर, म्हणजे मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोअर असलेली ती खास मेथड (क्लासमधलं फंक्शन). पायथनला एखाद्या ऑब्जेक्टवर मागितलेलं नाव नेहमीच्या वाटेने सापडलं नाही की तो शेवटी या मेथडला विचारतो, "बाबा तुझ्याकडे आहे का?" यांच्या मेथडमध्ये लिहिलेलं होतं की नाव गाळ्याच्या कॉन्फिगमध्ये असेल तर त्याचा हिशोब करून रक्कम दे, नसेल तर शून्य दे. शून्य का, तर छपाईचा टेम्प्लेट बऱ्याच गाळ्यांना एकच होता, त्यात पट्टी डॉट वाराई असं लिहिलेलं आणि काही गाळ्यांना वाराई लागूच नाही, मग तिथे एरर येऊन छपाई अडायला नको. शिवाय टेम्प्लेटमध्ये रक्कम शून्य असेल तर ती ओळ छापायचीच नाही असं होतं, म्हणजे कागद सुटसुटीत दिसतो.

दिसायला फार छान कोड होता तो, खरंच सांगतो. नवीन गाळा आला की कॉन्फिगमध्ये चार ओळी टाकायच्या आणि पट्टी डॉट काहीही चालायला लागायचं. स्मॉलटॉकमध्ये डझनॉटअंडरस्टँड, रुबीमध्ये मेथड मिसिंग, पर्लमध्ये ऑटोलोड, पीएचपीमध्ये डंडर गेट, जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून प्रॉक्सी, सगळीकडे ही सोय आहे, आणि पहिल्यांदा कळते तेव्हा कोणालाही हे वापरावंसंच वाटतं.

प्रॉब्लेम कसा लक्षात आला

आंब्याचा सीझन ऐन भरात होता. फळ मार्केटमधल्या एका गाळ्याच्या दिवाणजींना (हिशेबनीसांना) देवगडच्या एका बागायतदाराचा फोन आला, "दिवाणजी, ह्या पट्टीत गाडीभाडा कापूक नाय तुमी, इसारलात काय?" दिवाणजींनी पट्टी काढून बघितली तर खरंच मोटर भाड्याची ओळच नाही. आदल्या दिवसाच्या काढल्या तर त्यातही नाही. मग त्यांनी भाड्याचं खातं काढलं, तर ट्रकवाल्यांना पैसे गेलेले दिसतायत आणि पट्ट्यांमधून वसूल काहीच नाही, म्हणजे गेले काही दिवस सगळं भाडं शेठच्या खिशातून चाललेलं.

दिवाणजींनी सपोर्टला फोन केला आणि सरळ विचारलं, "अहो साहेब, तुमच्या मशीनने भाडं कापायचं सोडलं का?"

सपोर्टवाल्याने आधी कॉन्फिग बघितलं, ते ठीक. लॉग बघितले, एकही एरर नाही. कांदा-बटाट्याच्या गाळ्यांना विचारलं तर त्यांचं भाडं व्यवस्थित कापलं जातंय. म्हणून पहिले काही तास सगळ्यांचा समज असा की त्या गाळ्यावर कोणीतरी सेटिंग बदललंय. मग फळ मार्केटमधल्या दुसऱ्या गाळ्याच्या पट्ट्या बघितल्या, तिथेही तेच, तेव्हा प्रकरण डेव्हलपमेंट टीमकडे आलं.

शोध

आता हा भाग जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गंमत इथे आहे आणि पायथनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

मोटर भाडं हे कॉन्फिगमधून येणारं नव्हतंच. ते पट्टी क्लासमध्ये साधी प्रॉपर्टी, म्हणजे फील्डसारखं वाचायचं पण आत हिशोब करणारं फंक्शन, म्हणून लिहिलेलं होतं, कारण ते सगळ्यांना लागू आहे, फक्त वाटणी वेगळी. आंब्याला पेटीमागे, कांद्याला वजनावर. समजा गाडीत ३०० पेट्या आणि भाडं २४,००० रुपये तर पेटीमागे ८० रुपये, ज्याच्या ४० पेट्या त्याचे ३,२०० कापायचे. ही वाटणी करणारी ओळ साधारण अशी होती: गेटॲटर(ट्रक, "एकूण_" + एकक). हे पायथनचं साधं गेटॲटर फंक्शन, वरची डंडर मेथड नव्हे. म्हणजे एकक पेटी असेल तर ट्रकवरचं एकूण_पेटी वाचायचं, वजन असेल तर एकूण_वजन. नाव स्ट्रिंग जोडून तयार केलेलं.

काही दिवसांपूर्वी टीममधल्या एका नवीन मुलाने ट्रक क्लासमध्ये एकूण_पेटी या फील्डचं नाव बदलून एकूण_नग केलं होतं, कारण आता क्रेट पण येतात आणि पेटी म्हणणं चुकीचं होतं. त्याने ते नीट केलं होतं, एडिटरच्या रिनेमने केलं, वर पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधून पण बघितलं. पण "एकूण_पेटी" असं अख्खं नाव त्या वाटणीच्या ओळीत कुठेच नाही, ते चालू असताना जोडलं जातं, मग शोधून सापडणार कसं. त्याला दोष द्यायचा प्रश्नच नाही.

तर मग त्या ओळीवर ॲट्रिब्यूट एरर यायला हवा होता, आणि तो येतच होता! पण बाहेर दिसत नव्हता. कारण पायथनमध्ये "हे नाव सापडलं नाही" हा निरोप देण्याची पद्धतच ॲट्रिब्यूट एरर ही आहे. प्रॉपर्टीच्या आत, खोलवर कुठेतरी, दुसऱ्याच ऑब्जेक्टवरून ॲट्रिब्यूट एरर निघाला तरी पायथन त्याचा अर्थ असाच लावतो की पट्टीवर मोटर_भाडे हे नाव सापडलं नाही, आणि मग नियमाप्रमाणे डंडर गेटॲटरला विचारतो. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, प्रॉपर्टीच्या आतून ॲट्रिब्यूट एरर आला तरी ही मेथड बोलावली जाते म्हणून. आणि यांची मेथड काय म्हणणार, मोटर_भाडे कॉन्फिगमध्ये नाही, घ्या शून्य. शून्य आलं की टेम्प्लेट ओळ लपवणार. मूळ एररचा मागमूस कुठेही नाही, ना लॉगमध्ये ना कागदावर.

हे सापडलं कसं तर टीमच्या लीड मॅडमनी शेलमध्ये पट्टी डॉट मोटर_भाडे केलं, आलं शून्य. मग त्यांनी क्लासवरची प्रॉपर्टी घेऊन तिचं एफगेट, म्हणजे आतलं मूळ फंक्शन, थेट त्या पट्टीवर चालवलं. त्या वाटेने गेटॲटर मध्ये येत नाही. लगेच पूर्ण ट्रेसबॅक (एरर कुठून कसा आला त्याची वाट) समोर आला, ट्रक ऑब्जेक्टला एकूण_पेटी नाही. शोधायला जेवढा वेळ लागला तो सगळा या एका ओळीपर्यंत पोचण्यात गेला, त्यानंतर सगळं दोन मिनिटांत उलगडलं.

टेस्टनी का नाही पकडलं? भाड्याची टेस्ट होती, ती पास होत होती. पण त्यात खरा ट्रक नव्हता, मॉक म्हणजे टेस्टपुरती नकली वस्तू होती, आणि मॉकवर जुनं एकूण_पेटी हेच नाव ठेवलेलं. मॉकला तुम्ही कुठलंही नाव द्या, तो घेतो, तो स्वतःच याच तंत्रावर उभा आहे. आणि मायपाय, म्हणजे कोड न चालवता तपासणारा टाइप चेकर? त्यालाही काही बोलता येत नाही, कारण स्ट्रिंग जोडून बनलेलं ट्रकवरचं नाव त्याला दिसतच नाही, आणि पट्टी क्लासमध्ये डंडर गेटॲटर असल्यामुळे पट्टीवरचं कुठलंही नाव तो मान्य करतो. म्हणजे ती जोडलेली स्ट्रिंग आणि ही मेथड यांनी मिळून एडिटर, टाइप चेकर, लॉग आणि छापील कागद असे चारही पहारेकरी झोपवले होते.

आधीच मिळालेल्या दोन सूचना

कोडचा इतिहास चाळताना दोन गोष्टी सापडल्या, आणि माझ्या मते खरे निर्णयाचे क्षण तेच होते.

पहिली अशी की खूप आधी पट्ट्या बॅकग्राउंड क्यूमध्ये पाठवायला लागले तेव्हा रिकर्शन एरर (फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिल्याचा) यायला लागला होता. कारण पिकल करून, म्हणजे ऑब्जेक्ट बाइट्समध्ये साठवून, परत उघडताना पायथन डंडर इनिट (ऑब्जेक्ट सुरुवातीला भरणारी मेथड) न चालवताच ऑब्जेक्ट बनवतो आणि त्यावर सेटस्टेट नावाची मेथड आहे का बघतो, नाव सापडत नाही म्हणून आपल्या गेटॲटरकडे येतो, आपलं गेटॲटर कॉन्फिग वाचायला जातं, कॉन्फिग अजून भरलेलंच नाही, म्हणून परत गेटॲटर, परत कॉन्फिग, असं मर्यादा संपेपर्यंत. कोणीतरी वरती एक अट टाकली, नाव दोन अंडरस्कोअरने सुरू होत असेल तर ॲट्रिब्यूट एरर फेक, आणि विषय बंद. अट बरोबर आहे, तसंच करतात. पण मग त्याच वेळी कोणी विचारायला हवं होतं की बाकीच्या अनोळखी नावांना आपण शून्य का देतोय.

दुसरी सूचना त्याहून बोलकी. एका गाळ्याने वजन करण्याच्या फीला कॉन्फिगमध्ये "वजन" असंच नाव दिलं होतं. पट्टीवर वजन नावाचं खरं फील्ड आधीपासूनच आहे, आणि नेहमीच्या वाटेने नाव सापडलं की गेटॲटरला कोणी विचारतच नाही, त्यामुळे कपातीच्या बेरजेत फीऐवजी मालाचे किलो रुपये म्हणून वजा व्हायला लागले. ते लगेच लक्षात आलं कारण आकडा भलताच मोठा होता. तेव्हा कॉन्फिगमधलं नाव बदलून वजन_कपात केलं आणि पुढे गेले. गाळ्याच्या कॉन्फिगमधली नावं म्हणजे डेटा, क्लासवरची नावं म्हणजे कोड, आणि दोन्ही एकाच डब्यात टाकलीत की अशी टक्कर होणारच, हे तेव्हाच दिसत होतं.

समोर असलेले पर्याय

त्या दुपारी दोन वेगळे प्रश्न होते. रात्री गाड्या येणार, पहाटे माल विकला जाणार, सकाळी पट्ट्या निघणार, त्याचं काय. आणि मुळात या कोडचं काय.

रात्रीच्या प्रश्नावर एक मत असं होतं की फळ मार्केटच्या पट्ट्या थांबवा. लीड मॅडम नाही म्हणाल्या, सीझनमध्ये पट्टी अडली म्हणजे बागायतदाराचे पैसे अडले. त्याऐवजी दोन गोष्टी ठरल्या. स्ट्रिंग दुरुस्त करायची, आणि ट्रकचं भाडं शून्यापेक्षा जास्त असूनही पट्टीवर भाडं शून्य येत असेल तर ती एक पट्टी छापायची नाही, दिवाणजींच्या स्क्रीनवर लाल दाखवायची. बाकी चालू राहू दे. मला हा निर्णय तेव्हाही पटला होता.

मुळातल्या प्रश्नावर मात्र मीटिंग लांबली, आणि ती मजेशीर यासाठी की प्रत्येकजण आपापल्या भाषेतून आलेला होता.

आधी रुबीत काम केलेला एकजण म्हणाला की तंत्रात काही वाईट नाही, शिस्त पाळली नाही एवढंच. रुबीत मेथड मिसिंग लिहिताना रिवाज असा आहे की आपल्याला माहीत नसलेल्या नावाला सुपर करायचं (वरच्या क्लासकडे सोपवायचं), म्हणजे नो मेथड एरर जसा यायचा तसा येतो, आणि सोबत रिस्पाँड टू मिसिंग पण लिहायचं म्हणजे ऑब्जेक्टला विचारलं की खरं उत्तर मिळतं. त्याचा आणखी एक मुद्दा तर फारच चांगला होता. रुबीत ही विशिष्ट चूक झालीच नसती, कारण तिथे मेथड आहे की नाही हे आधी बघून ठरतं, मेथड सापडून आत गेल्यावर आतून काहीही एरर आला तरी तो मेथड मिसिंगकडे वळत नाही. पायथनने "सापडलं नाही" आणि "आत काहीतरी फुटलं" या दोन निरोपांना एकच पाकीट दिलंय.

यावर लीड मॅडमनी एक आठवण काढली जी मला माहीत होती पण या संदर्भात कधी सुचली नव्हती. जनरेटरमध्ये, म्हणजे मागेल तशी एकेक गोष्ट देणाऱ्या फंक्शनमध्ये, हाच घोळ होता, आतून चुकून स्टॉप इटरेशन निघाला की बाहेरच्याला वाटायचं यादी संपली, डेटा गुपचूप अर्धा यायचा. पायथनवाल्यांनी ते पेप ४७९ (भाषेत बदल करायचा प्रस्ताव) आणून बदललं, ३.७ पासून जनरेटरच्या आतून असा स्टॉप इटरेशन निसटला की त्याचा रनटाइम एरर होतो. प्रॉपर्टीच्या बाबतीत भाषेने असं काही केलेलं नाही, ते आपलं आपल्याला करावं लागतं.

जावावाल्याचं म्हणणं, हे सगळं काढा, साधे क्लास लिहा, प्रत्येक प्रकारच्या गाळ्याला एक. त्याचा युक्तिवाद असा की जावात रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, स्ट्रिंगवरून फील्ड मागितलं आणि नाव चुकलं तर नो सच फील्ड एक्सेप्शन येतं आणि ते चेक्ड असल्यामुळे कंपायलरच तुम्हाला विचारतो की याचं काय करणार. बरोबर आहे, पण गाळ्यागणिक क्लास लिहिले तर हमालीचा दर बदलला किंवा नवीन कपात आली की दरवेळी रिलीज, आणि ते दिवाणजी थांबून राहणार नाहीत. हा पर्याय गळला.

तिसरा पर्याय कोड जनरेट करण्याचा. गोमध्ये २०१४ च्या १.४ पासून गो जनरेट आहे, जनरेट झालेली फाइल रिपॉझिटरीत टाकायची, ती वाचता येते, शोधता येते, डिफमध्ये दिसते. मला स्वतःला हा पर्याय फार आवडतो, कारण जादू झाल्यावर काय उरलं ते डोळ्यांनी बघता येतं, रस्टमध्ये कार्गो एक्सपांडने मॅक्रो उलगडून बघतात तसंच. पण इथे कॉन्फिग डेटाबेसमध्ये, बदल रात्री अकराला गाळ्यावरून होणार, त्यावरून फाइल बनवून डिप्लॉय करायची म्हणजे परत रिलीजच झालं.

फ्रंटएंडच्या मुलीने एक उदाहरण दिलं जे ऐकून सगळे गप्प झाले. तिने एकदा जावास्क्रिप्टमध्ये असा प्रॉक्सी लिहिला होता की कुठलंही नाव मागितलं तरी फंक्शन परत द्यायचा. तो एका असिंक फंक्शनमधून (ज्याचं उत्तर नंतर येतं) परत केला आणि अवेट, म्हणजे त्या उत्तरासाठी थांबणं, कायमचं अडकलं. कारण अवेट आलेल्या वस्तूवर "देन" आहे का बघतो, प्रॉक्सी म्हणाला आहे की, मग अवेटने तो प्रॉमिस समजून बोलावला आणि उत्तराची वाट बघत बसला. एरर नाही, काही नाही. पर्लवाले ऑटोलोडमध्ये डिस्ट्रॉयचं (वस्तू नष्ट होताना भाषा स्वतः बोलावते ती मेथड) बोलावणं येतं म्हणून रडतात ते हेच. सगळ्या नावांना हो म्हणणारी वस्तू केलीत की भाषा स्वतः जी नावं विचारते त्यांनाही ती हो म्हणते.

शेवटी चर्चा एका गोष्टीवर येऊन थांबली, आणि माझ्या मते या अख्ख्या प्रकरणाचं सार तेच आहे: नाव कधी ठरतं. लिस्पच्या मॅक्रोत, रस्टच्या डिराइव्हमध्ये, सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटमध्ये ते प्रोग्रॅम चालायच्या आधी ठरतं, चुकलं तर तिथेच कळतं, भले एरर वाचायला अवघड असेल. पायथनच्या मेटाक्लासमध्ये (क्लास बनवणाऱ्या क्लासमध्ये), किंवा ३.६ मध्ये आलेल्या डंडर सेटनेम आणि इनिटसबक्लासमध्ये, क्लास तयार होताना ठरतं, म्हणजे सर्व्हर सुरू होतानाच फुटेल. गेटॲटरमध्ये दर वेळी नाव विचारलं जातं तेव्हा ठरतं, म्हणजे चूक असेल तर ती पट्टी छापतानाच कळणार, किंवा आपल्या बाबतीत बागायतदाराच्या फोनने. जेवढं आधी ठरवता येईल तेवढं आधी ठरवायचं आणि जे खरंच उशिरा ठरतं त्याला नाव म्हणायचंच नाही, त्याला डेटा म्हणायचं.

काय केलं

त्या संध्याकाळी मलमपट्टी म्हणून सगळ्या प्रॉपर्टींवर एक डेकोरेटर, म्हणजे फंक्शनला बाहेरून गुंडाळणारं फंक्शन, चढवला, आतून ॲट्रिब्यूट एरर आला तर त्याचा रनटाइम एरर करून पुढे फेकायचा, मूळ एरर "रेज फ्रॉम"ने सोबत ठेवायचा. म्हणजे गेटॲटर अजून जिवंत असला तरी त्याला हा निरोप मिळणार नाही. हा डेकोरेटर छोटासा आहे पण ज्यांचा गेटॲटर लगेच काढता येत नाही त्यांनी आजच लावावा असं मी म्हणेन.

मग पुढच्या काही आठवड्यांत खरं काम. गेटॲटर पूर्ण काढला, आणि त्याच्यासाठी लावलेला डेकोरेटरही. वजन, नग, मोटर भाडं, उचल ही सगळ्यांना लागू असलेली नावं साधी फील्ड आणि प्रॉपर्टी राहिली. गाळ्याची स्वतःची कपात घ्यायची तर पट्टी डॉट कपात("वाराई") अशी मेथड, नाव कॉन्फिगमध्ये नसेल तर ती स्वतःचं वेगळं एक्सेप्शन फेकते, आणि ते ॲट्रिब्यूट एररचा सबक्लास नाही हे मुद्दाम बघितलं. वजन विरुद्ध वजन अशी टक्कर आता होऊच शकत नाही.

वाटणीची ती स्ट्रिंग जोडणारी ओळ काढून तिथे साधी डिक्शनरी आली, पेटी असेल तर ट्रक डॉट एकूण_नग, वजन असेल तर ट्रक डॉट एकूण_वजन. कोणी म्हणेल यात काय हुशारी, पण शोधलं की सापडतं आणि रिनेम केलं की बदलतं.

कपातीचे प्रकार, म्हणजे नगामागे, वजनामागे, टक्क्याने, हे मात्र डिस्क्रिप्टर (फील्ड वाचताना काय करायचं ते ठरवणारे ऑब्जेक्ट) म्हणून लिहिले आणि डंडर सेटनेमने क्लास बनतानाच नोंदवले, एकाच नावाचे दोन आले तर सर्व्हर सुरूच होत नाही. म्हणजे मेटाप्रोग्रॅमिंग काढून टाकलं असं नाही, ते सकाळी सर्व्हर चालू होण्याच्या वेळेवर आणलं.

हे सगळं करून टेस्ट चालवल्या आणि एक नवीनच गोष्ट उघड झाली. मुद्दाम प्रॉपर्टीत तीच चूक परत घालून बघितली, तर पट्टी परत गुपचूप छापली गेली, भाड्याच्या जागी रिकामं! टेम्प्लेट जिंजाचे (पायथनची टेम्प्लेट लायब्ररी), आणि जिंजा डॉटने नाव मागितलं की आधी ॲट्रिब्यूट बघतो, ॲट्रिब्यूट एरर आला तर इंडेक्सने बघतो, तेही नसेल तर अनडिफाइंड नावाची वस्तू देतो जी छापली की रिकामी दिसते. म्हणजे तोच आजार एक मजला वर. तिथे स्ट्रिक्ट अनडिफाइंड लावलं, म्हणजे नसलेलं नाव छापायला गेलं की एरर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेम्प्लेटला पट्टी ऑब्जेक्ट देणंच बंद केलं, सगळे आकडे आधी काढून साध्या डिक्शनरीत भरायचे आणि ती द्यायची. काही फुटायचं असेल तर छपाईच्या आधी फुटेल.

टेस्टमधले मॉक ट्रक काढून खरे ट्रक ऑब्जेक्ट घातले. आणि कॉन्फिग सेव्ह करताना तिथल्या तिथे एक नमुना पट्टी काढून बघायची असं केलं, ती निघाली तरच सेव्ह.

एक कल्पना मात्र दिवाणजींची. ते म्हणाले, "साहेब, तुमचं आतलं मला कळत नाही, पण गाडीचं भाडं आणि त्या गाडीतल्या सगळ्या पट्ट्यांमधलं भाडं याची बेरीज जुळलीच पाहिजे, आम्ही वहीत तेच बघायचो." आता दर रात्री गाडीवार ही बेरीज जुळवली जाते, राउंडिंगचे पैसे शेवटच्या पट्टीत टाकून. या प्रकरणातली सगळ्यात भक्कम तपासणी हीच आहे, कोडमध्ये पुढे काहीही चुकून गाडीचं भाडं पूर्ण वसूल झालं नाही तर ही पकडेल.

निकाल

पैशाचं असं झालं की ज्या बागायतदारांचा माल अजून येत होता त्यांना शेठनी स्वतः फोन करून सांगितलं आणि पुढच्या पट्टीत मागील भाडं बाकी अशी वेगळी ओळ छापून घेतलं, बहुतेकांनी काही तक्रार केली नाही. ज्यांचा सीझन संपला होता त्यांचं सोडून दिलं, तेवढी रक्कम कंपनीने वार्षिक मेंटेनन्समधून कमी केली.

सॉफ्टवेअरचं बघितलं तर स्ट्रिक्ट अनडिफाइंड लावल्यावर पहिला आठवडा त्रासाचा गेला. बऱ्याच गाळ्यांच्या टेम्प्लेटमध्ये कधीच अस्तित्वात नसलेली नावं होती, स्पेलिंग चुकलेली होती, वर्षानुवर्षं तिथे रिकामं छापलं जात होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. गेटॲटर गेल्यावर मायपायला पण वाचा फुटली आणि त्याने रिपोर्टच्या कोडमध्ये दोन चुकीची नावं दाखवली, दोन्ही ठिकाणी इतके दिवस शून्यच येत होतं.

नवीन गाळा चढवायला आता थोडा जास्त वेळ लागतो, कपाती आधी जाहीर कराव्या लागतात. रुबीवाल्या सहकाऱ्याला अजूनही वाटतं की पट्टी डॉट वाराई वाचायला जास्त सुंदर होतं. त्याचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, वाचायला ते सुंदर होतंच.

वेगळं काय करता आलं असतं

पिकलवाला रिकर्शन एरर आला तेव्हाच अनोळखी नावाला शून्य देणं थांबवायला हवं होतं. तेव्हा गाळे कमी होते, टेम्प्लेट कमी होते, एका दिवसात झालं असतं. ज्या गाळ्याला वाराई नाही त्याच्यासाठी टेम्प्लेटमध्ये एक अट लिहिणं एवढाच त्याचा खर्च होता.

शून्य असेल तर ओळ लपवायची हा निर्णय पण परत बघायला हवा. लागू नाही आणि लागू आहे पण शून्य, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शेतकऱ्याला दुसरी दिसायला हवी. आता मोटर भाड्याची ओळ नेहमी छापली जाते, ० असलं तरी. हे कोणी प्रोग्रॅमरने सुचवायची गरज नव्हती, कुठल्याही दिवाणजींना पहिल्या दिवशी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

रिनेम सीझनच्या मध्ये करायला नको होतं असं एक मत आलं. मला ते फारसं पटत नाही. नावं सुधारायला भीती वाटायला लागली की कोड सडतो, रिनेम सुरक्षित नसणं हाच तर प्रॉब्लेम होता.

एक गोष्ट अजून तशीच आहे. काही गाळ्यांची कपात सूत्राने निघते, ते सूत्र कॉन्फिगमध्ये मजकूर म्हणून लिहिलेलं असतं आणि इव्हॅलने, म्हणजे तो मजकूरच पायथन कोड समजून, चालवलं जातं. बिल्टिन्स (पायथनची तयार फंक्शन्स) काढून घेतले म्हणजे इव्हॅल सुरक्षित झाला असं होत नाही, साध्या ऑब्जेक्टवरून क्लासपर्यंत आणि तिथून हवं तिथे पोचता येतं, आणि ती कॉन्फिग स्क्रीन गाळ्यावरच्या कोणाच्याही हातात असते. त्याऐवजी एएसटी मॉड्यूलने सूत्र पार्स करून, म्हणजे त्याचे तुकडे (नोड) पाडून, फक्त आकडे, ठरावीक नावं आणि बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार एवढ्याच नोड चालू द्यायच्या असं डिझाइन झालंय, रिव्ह्यू माझ्याकडेच आहे, आणि आंबा संपून फळ मार्केट जरा मोकळं झालं की ते काम सुरू होईल. तोपर्यंत सूत्राचा बॉक्स गाळ्यांसाठी बंद केलाय, बदल हवा असेल तर दिवाणजी फोन करतात आणि सपोर्टवाला इकडून टाकतो.